सव्वानऊची रिकामी बस

इंग्लंडमधल्या बर्नलीजवळच्या आमच्या गावातल्या बसथांब्यावर मी साडेनऊ वाजायची वाट बघत होतो. पुढे दोन म्हाताऱ्या होत्या, बेरिल आणि तिची शेजारीण ग्लेनिस.

"बेरिल, पर्स कशाला काढतेस? म्हाताऱ्यांचा फुकट पास साडेनऊनंतरच चालतो."

"मी सव्वानऊच्या बसनं चाललेय. ती बंद करतायत. म्हणे, रिकामी धावते."

"रिकामीच धावणार! आपण सगळे पाससाठी ती सोडून देतो."

"आणि माझी सून पुढच्या थांब्यावरून दवाखान्यात सफाईला त्याच बसनं जाते. एकटी."

"मग काउन्सिलला कळव की."

"कळवलं. ते मशीनमधून निघालेली तिकिटं तेवढी मोजतात. म्हणून आज तिकीट काढणार. उद्याही."

"पेन्शनमधून?"

"बिंगो सोडला."

"तू? बिंगो?"

"बंदच. हा महिनाभर तरी."

बस आली. ड्रायव्हर हसला.

"मावशी, घाई झाली. पास चालायचा नाही अजून."

"पास दाखवतंय कोण? तिकीट दे."

"दोन दे रे. मीही आहे."

"ग्लेनिस!"

"गप गं. चढ वर."

"कुठली देऊ, मावशी?"

"कुठलीही दे. आम्हाला कुठंच जायचं नाहीये. ही बस तेवढी राहिली पाहिजे."

मी हातातला पास परत खिशात घातला आणि तिकिटासाठी सुटे पैसे काढले.