अध्यक्षांचं यकृत

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि माझे यजमान श्री. भुजंगराव, व्यासपीठावर तलवारीसकट विराजमान झालेले माझे दीर रणोजीराव, सत्कारमूर्ती डॉक्टर तुंगाबाई, आणि उप्पिट्टाचा वास येऊनही जागा न सोडणाऱ्या समस्त बंधुभगिनींनो,

तुंगाबाई निवृत्त होऊन पुण्याला लेकाकडे निघाल्या आहेत. त्यांच्याविषयी चार शब्द बोलायला मंडळाने या नर्मदाबाईला उभं केलं. इतकी वर्षं आपण त्यांना 'मासेवाल्या डॉक्टरीणबाई' म्हणत आलो. आता पुरुषांना तोंड उघडायची लाज वाटत असावी. हौदा, खरं ना, रणोजीराव?

त्यांचं काम काय? काचेच्या पेट्यांत बोटाच्या पेराएवढे पट्ट्यापट्ट्यांचे मासे. त्यांच्या पोटात यकृत कसं घडतं, कापलं तर पुन्हा कसं भरून येतं, आणि सारखा मार खाऊन शेवटी कठीण होऊन कसं रुसून बसतं, हे त्या आयुष्यभर पाहत आल्या. याच सभागृहात त्यांनी त्यावर व्याख्यान दिलं, तेव्हा आपल्या शूर मंडळींना एकच शंका आली, "डॉक्टर, याचं सार कसं लागतं?" सोवळ्यात वाढलेल्या बाईला विचारलं हे! त्या हसल्या. मी असते तर माइक फेकून मारला असता.

मग आमच्याच घरात एक यकृत रुसलं. अध्यक्षांचं. साखरेमुळे, असं ते सांगतात. मिलिटरी कॅन्टीनमधून दर महिन्याला खोका यायचा, त्यातही साखरच असायची म्हणे! डॉक्टर म्हणाले, घरातल्या कुणीतरी यकृताचा तुकडा द्यायला हवा. माझा रक्तगट जुळेना. रणोजीराव दसऱ्याला तलवार उपसतात तेव्हा लोक चार पावलं मागे सरतात; तपासणीची सुई पाहून ते स्वतःच मागे सरले. "वैनी, माझी कंबर स्वल्प, जराशी धरलीय हो," म्हणाले आणि एच. डी. कोट्याच्या शेतावर गेले, ते पेरणी उरकूनच परतले. त्या कंबरेने पेरणी बरी झाली!

जुळलं ते आमच्या लेकीचं, गोदाचं. जावई तयार, सासूबाई तयार. अडलं कोण? तर अध्यक्ष. "लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाही आम्ही. मग तिच्या अंगातलं कसं घेऊ?" बोगादीला तिच्याकडे जाताना हा माणूस घरून बाटली भरून नेतो.

मी तुंगाबाईंना बोलावून घेतलं. शास्त्र सांगून त्या थकल्या. शेवटी म्हणाल्या, "भुजंगराव, गोदाचं जे काढतील ते काही महिन्यांत भरून येतं. आकार पहिल्यासारखा नसेल, वजन जवळजवळ तेवढंच. जे तिला परत मिळणार, ते तुम्ही घेतलं कसं म्हणायचं?"

"आणि तिला काही झालं तर?" यांनी विचारलं. तेव्हा आवाज चढवलेला नव्हता.

"धोका नाही असं मी खोटं सांगणार नाही. पण तो तिने समजून घेतलाय. ती तुमची परवानगी मागत नाहीये, भुजंगराव. तुम्हाला वाचवायला निघालीय."

यावर उत्तर काय? "विचार करतो." तो विचार अजून चाललाय. तोवर यांचे डोळे पिवळे झाले, पाय सुजले. मला फार भीती वाटते. घरी सांगून झालं, रडून झालं, म्हणून आज माइकवर सांगते.

तुंगाबाई, तुम्ही आमच्यासाठी घसा कोरडा केलात, त्याबद्दल मंडळाच्या आणि माझ्या वतीने आभार मानते. बोलताना मर्यादा सुटली असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. रणोजीराव, तुम्हीसुद्धा.

आता अध्यक्षीय समारोप. भाषण लिहून आणलंय, ते खिशातच राहू दे. गोदे, वर ये. तिने बोगादीहून तिच्या घरच्या पाण्याचा तांब्या भरून आणलाय. अध्यक्षांनी बोलण्याआधी सगळ्यांदेखत घोटभर प्यावं. आम्ही थांबलो आहोत.