चौकटीबाहेरचा दोर

आबा : बंद करा तो पडदा. बघवत नाही मला.

दिग्दर्शक : सर, शेवट तर बघा! तुमची नात पालीसारखी चढाईच्या भिंतीच्या टोकाला पोचतेय.

पाल : आबा, काय भारी दिसतेय ना मी?

आबा : दिसतेस खरी. दोर कुठाय, पाल?

दिग्दर्शक : पुसला आम्ही. दोराने चौकट बिघडते. भिंतीवरच्या सुरुवातीच्या पकडींचे शॉट तर बिनदोराचेच घेतले. खाली जाड गादी होती.

आबा : कितीदा घेतले?

पाल : आठवडाभर, रोज. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही नाहीच म्हणाला असता.

आबा : शी! आणि चढायच्या आधी कमरेची दोराची कडी शेजारच्याने ओढून बघायची, ते कुठे गेलं?

दिग्दर्शक : कापलं. रटाळ वाटत होतं.

आबा : उद्या हा सिनेमा माझ्या लहानग्यांच्या चढाईच्या वर्गाला दाखवणार म्हणे तुम्ही. हिने निळी रिबीन बांधली, तर दुसऱ्या दिवशी सगळ्या डोक्यांवर निळ्या रिबिनी होत्या. हिला बिनदोराची बघून ती पोरं काय करतील?

दिग्दर्शक : वेडी होतील, सर! वेग म्हणजे वेग!

आबा : वेग म्हणजे काय, ते तरी माहीत आहे का? पाल, सांग यांना.

पाल : भिंत तीच, पकडी त्याच. इतक्या वेळा चढायचं की डोक्याला विचारावंच लागत नाही, अंगच चढतं. हाताने ओढायचं नाही, पायाने ढकलायचं. चौथी पकड गाळायची. थांबा, भिंत समोरच आहे, करूनच दाखवते.

दिग्दर्शक : एक मिनिट, कॅमेरा घेतो!

पाल : हे असं... डावा पाय उंच... इथून झेप... आणि आता...

आबा : पाल, थांब! आहेस तिथेच थांब.

पाल : का? आत्ता तर लय लागली होती.

आबा : कमरेकडे बघ.

पाल : ...आबा. कडी लावलीच नाही मी. निम्म्या भिंतीवर आलेय.

दिग्दर्शक : हलू नकोस! काय चेहरा आहे! अस्सल भीती...

आबा : खाली ठेवा तो कॅमेरा! माणूस आहात की गिधाड? गादी ओढा इकडे! पाल, नुसता माझा आवाज ऐक. उजवा पाय खाली सोड. अजून जरा. लागली पकड?

पाल : लागली. आता?

आबा : हात सोडू नकोस म्हणजे झालं. आता डावा. घाई नाही, बाळा. चढायला शिकवलं तेव्हा तरी कुठे घाई केली होती आपण? हं. आता उजवा. असंच एकेक पाऊल... अशी. टेकलीस.

(पाल गादीवर बसते.)

पाल : कडी लावायची असते, हे मनातच आलं नाही, आबा. अंगाला वाटलं, दोर नसतोच.

आबा : अंगाला काय कळतं? आठवडाभर जे शिकवलं, ते शिकलं.

दिग्दर्शक : सर, कॅमेरा खाली ठेवला, पण भिंतीकडे तोंड करून चालूच ठेवला होता. आत्ताचं हे शेवटी जोडलं ना, तर...

आबा : किळस येते हो तुमची!

पाल : जोडा.

आबा : पाल!

पाल : उद्या पोरांना एवढंच दाखवा. आबांच्या आवाजासकट. बाकीचं काही नाही.

दिग्दर्शक : अगं, मग सिनेमात उरलं काय? एक मुलगी हळूहळू उतरते!

पाल : हो, तेवढंच. आबा, कडी लावलीय मी. ओढून बघता?