नवसाची बाटली

काळभैरवाच्या लाइनीत माझ्या पुढे एक म्हातारी आणि तिचा पन्नाशीचा मुलगा उभे होते.

“आई, झोल्यात काय आहे?”

“दारूची बाटली. तुझी सुटली तर भैरवाला वाहीन, असा नवस बोलले होते. आठ महिने झाले ना, विश्वेश.”

“आणली कोणी?”

“मीच गेले दुकानात. तुला कशी पाठवणार?”

“मला आधी सांगायचंस गं.”

“धर बघू जरा. हात भरून आलाय माझा.”

“नको. मी नाही धरणार.”

“सीलबंद आहे रे. आणि देवाची आहे.”

“बाटली हातात आली की मला तेवढं कळत नाही, आई. थांब, मिश्राजींना फोन करतो. आमच्या दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगमधले. ते येतील.”

“एवढ्या उन्हात? एवढ्याशासाठी?”

“होळीला त्यांनी बोलावलं, तेव्हा मी गेलो होतो. एवढ्याशासाठीच.”

“आणि ते येईपर्यंत?”

“तो झोला माझ्यापासून लांब ठेव.”

“या गर्दीत कुठे लांब ठेवू?”

म्हातारी माझ्याकडे वळून हिंदीत म्हणाली,

“बिटिया, जरा ये झोला पकड़ लो. मुझे इसका हाथ पकड़ना है.”