फ्लेक्सवरची बिदागी

अंजना : मामा, फोन ठेवू नका. दोन तासांनी मला विद्यापीठाच्या ऑफिसात जायचंय.

आप्पाराव : ठिवतोय कुठं? रेंज जातीय. सोसायटीच्या चारा छावणीत हाय मी. चारशे जनावरं हंबरत्यात, वासरांच्या डोक्यावर कापड न्हाई, त्यात तुझं इंग्लंड. बोल.

अंजना : कड्याच्या एसटी स्टँडवर तुम्ही माझा फ्लेक्स लावलाय?

आप्पाराव : लावलाय म्हंजी? बारा बाय आठचा! फेटा कसला शोभतोय तुला. तिकडच्या तुमच्या मराठी मंडळातल्या रामनवमीचाच फोटो हाय.

अंजना : फोटोचं सोडा. खाली काय छापलंय?

आप्पाराव : 'हभप अंजनाताई यांची विलायतेत कीर्तनसेवा.'

अंजना : त्याच्या खाली.

आप्पाराव : 'एका कीर्तनाची बिदागी हजार पौंड.'

अंजना : मी एक पैसा घेतलेला नाही, मामा.

आप्पाराव : म्हाईत हाय की मला.

अंजना : मग कावून छापलं?

आप्पाराव : हां, आता कशी घरचं बोलली! आगं, बिदागी सांगितल्याबिगर महाराजाचं वजन कळतंय का लोकांला? सप्त्याचं ठरवायला बसले की पयला सवाल, घेतात किती. फुकट म्हनलं की म्हनत्यात, आसंल कोनतरी शिकाऊ.

गहिनीनाथ : कोण आहे, आप्पाराव? अंजना? स्पीकरवर लावा, लेकीशी बोलतो. तिकडं आत्ता सकाळ असेल, बाळा. चहा झाला का?

अंजना : दादा, तुम्ही तिथंच आहात ते बरं झालं. ऐका. माझा व्हिसा शिक्षणाचा आहे. कॉलेज चालू असताना आठवड्याला वीस तास हॉटेलात भांडी घासली तर चालतं. मी घासतेच. पण पैसे घेऊन कार्यक्रम करायला मनाई आहे.

आप्पाराव : भांडी चालत्यात अन् कीर्तन न्हाई? असला कसला कायदा?

गहिनीनाथ : बोलू द्या तिला.

अंजना : सेवा म्हणून केलं तर हरकत नाही, असं ऑफिसातल्या बाई म्हणाल्या. पैसे घेऊन नाही. त्या फ्लेक्सचा फोटो फिरत फिरत इथं आला आणि कुणीतरी इंग्रजी करून विद्यापीठाला पाठवला. माझी हमी त्यांनी सरकारला दिलीय. मी नियम मोडला असं त्यांचं मत झालं, तर त्यांना वर कळवावंच लागतं. मग व्हिसा गेला. पाच महिने राहिलेत, दादा. प्रबंध अर्धा झालाय.

गहिनीनाथ : मंडळाच्या लोकांनी सांगावं की.

अंजना : दिलंय त्यांनी लिहून. पाकीट पुढं केलं होतं, मी हात जोडले, सगळं लिहिलंय. पण बाई विचारतात, घेतले नाहीत तर तुझ्या गावात एवढ्या मोठ्या अक्षरांत कोण कशाला छापील? ज्यानं छापलं, त्याच्या सहीचं पत्र हवंय. दहाच्या आत.

आप्पाराव : एवढंच ना? देतो. छापखान्यावाल्याची चूक झाली म्हनून देतो.

अंजना : नाही! एक खोटं निस्तरायला दुसरं नको. त्यांनी छापखान्यात फोन लावला तर?

आप्पाराव : मग काय लिवू? 'मी सोसायटीचा चेअरमन, मी खोटं छापलं'? रविवारी मतदान हाय, अंजे. समोरच्या पॅनलचा सटवा हा कागद चौकात उभा राहून वाचील. म्हनंल, फ्लेक्सवर खोटं लिवतो तो छावणीत चारा तरी खरा टाकतो का?

अंजना : चारा खरा टाकता ना?

आप्पाराव : आईशप्पथ खरा!

अंजना : मग मामा, मी पण खरंच वागलेय. तरी उत्तर मीच द्यायचंय, दोन तासांत.

गहिनीनाथ : आप्पाराव, ते पॅड इकडं द्या. मी लिहितो.

आप्पाराव : तुमी कावून, दाजी? तुमी काय केलं?

गहिनीनाथ : हनुमान जयंतीच्या काल्याला तुम्ही माईकवर हेच बोललात. हजार पौंड. मी मागं टाळ घेऊन उभा होतो. पोरीनं पाकीट परत केलंय हे मला ठाऊक होतं, तिनंच सांगितलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, अन् मी गप्प राहिलो.

आप्पाराव : आवो, त्यात काय एवढं!

गहिनीनाथ : तीस वर्षं कीर्तनात लोकांना सांगतोय, खरं बोला. नारळ अन् एसटीचं भाडं, त्याच्यापुढं कधी काही घेतलं नाही. अन् त्या दिवशी वाटलं, बघा, गहिनीनाथाची पोर कुठं पोचली. गोड लागलं हो ऐकायला.

अंजना : दादा...

गहिनीनाथ : थांब, लिहू दे. 'फ्लेक्सवरचा बिदागीचा मजकूर खोटा आहे. तो माझ्या मेव्हण्यानं छापला. खोटा आहे हे माहीत असून मी, मुलीचा बाप, गप्प राहिलो. मुलीनं एक पैसाही घेतलेला नाही.' इंग्रजी तू करून घे.

अंजना : घेते. पण तुमच्या एकट्याची सही चालणार नाही, दादा.



आप्पाराव : आना तो कागद. 'मेव्हण्यानं' खोडा. चेअरमन आप्पारावानं, आसं लिवा.

अंजना : मामा, रविवारी...

आप्पाराव : रविवारचं रविवारी बघू. हं, केली सही. शिक्का मारतो.

अंजना : शिक्का नको, सही पुरे.

आप्पाराव : खोटं छापताना चेअरमन म्हनून नाव टाकलंतं, आता का लपवू? मारला. घे, फोटो पाठवला.

अंजना : आला. वाचता येतंय. दादा, बाईंनी अजून एक विचारलंय. पैसे नाही, तर मग त्या दिवशी तुला मिळालं काय?

गहिनीनाथ : काय मिळालं होतं?

अंजना : नारळ. तिथंच फोडला. लेकरांना खोबरं वाटलं, एक तुकडा मला राहिला.

गहिनीनाथ : तुकड्यासकट सांग.

अंजना : बरं. निघते आता. बाहेर आले की फोन करते.

गहिनीनाथ : आम्ही इथंच बसलोय, बाळा.

आप्पाराव : दाजी, तुमी बसा. मी कड्याला जाऊन येतो. फ्लेक्स उतरवून वासरांवर बांधू.

गहिनीनाथ : अन् अक्षरं?

आप्पाराव : खाली करतो. वासरांना कुठं वाचता येतंय.