पेटी सहा, फाईल अकरा

पुरवणी जबाब. भोकरदन पोलीस ठाणे, दि. १४ नोव्हेंबर २००६.

माझे नाव विमल दीनानाथ पाठक, वय ५८, धंदा सेवानिवृत्त शिक्षिका, राहणार जालना, पूर्वी केदारखेडा.

मी समक्ष हजर राहून सांगते की, १९८५ ते ८७ मी केदारखेड्यात नोकरीला होते आणि संध्याकाळी बायकांचा प्रौढ वर्ग घेत असे. गावच्या सुईण गिरिजाबाई रखमाजी ठोंबरे माझ्याकडेच अक्षरे शिकल्या. पुढे त्यांनी एका शंभरपानी वहीत आपल्या हातून झालेली बाळंतपणे लिहून काढली. कोणाच्या घरी, मुलगा की मुलगी, आणि त्या वेळी शेतात काय उभे होते. तारखा त्यांना ठाऊक नव्हत्या.

मार्च १९८७ मध्ये एका परदेशी विद्यापीठाच्या संशोधक बाई आल्या. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे गावात इंग्रजी बोलणारी मी एकटीच. त्यांच्याशी बोलताना मला शाळेतल्या सिस्टर आठवत. वही मिळाली तर संग्रहात तुमचे नाव राहील, असे त्या म्हणाल्या. गिरिजाबाई शेतात गेल्या असताना मी ती त्यांच्या कोनाड्यातून घेतली. देणगीच्या कागदावर मालक म्हणून सही केली. कागद इंग्रजीत होता. मला तो नीट वाचता आला होता.

वही दिसेना तेव्हा गिरिजाबाईंनी सून चांगुणाबाई यांच्यावर आळ घेतला की, तिने ती रद्दीत घातली. भांडण याच ठाण्यात आले. त्या वेळच्या जबाबात मी सांगितले की, त्या आठवड्यात रद्दीवाला गल्लीत येऊन गेला होता. ते वाक्य खरे होते. त्यापुढे मी काही सांगितले नाही. तेव्हापासून त्या घरात दोन चुली आहेत.

गेल्या महिन्यात जालन्यात नरहर यांच्या इंटरनेट कॅफेत मी त्या संशोधक बाईंनी काढलेले माझ्या वर्गाचे जुने फोटो शोधत होते. गावाचे नाव टाकल्यावर त्या विद्यापीठाच्या संग्रहाची यादी उघडली. कोणत्या पेटीत, कोणत्या फाईलमध्ये काय आहे, हे तिच्यात ओळीने दिले आहे. फोटो पेटी चारमध्ये आहेत. पेटी सहा, फाईल अकरा येथे लिहिले आहे: जन्मांची वही, केदारखेडा. लिहिणारी अज्ञात. भेट, विमल पाठक.

नरहर म्हणाले, "मॅडम, तुमचं नाव तर पार परदेशात जाऊन बसलं की!" मी त्यांना पान छापून द्यायला सांगितले. ते सोबत जोडले आहे.

हवालदार साहेबांनी विचारले, "बाई, एकोणीस वर्षं काय करून राह्यल्या मंग?" हा प्रश्नही जबाबात घ्यावा, असे मी सांगितले.

चांगुणाबाई यांचा यात काहीही दोष नाही. वहीची प्रत मिळावी आणि 'अज्ञात'च्या जागी गिरिजाबाईंचे नाव घालावे, असे पत्र मी विद्यापीठाला पाठवले आहे. उत्तर आलेले नाही. गिरिजाबाई आता ८३ वर्षांच्या आहेत.

हा जबाब माझ्या विनंतीवरून चांगुणाबाईंना बोलावून त्यांच्यासमोर मोठ्याने वाचला. ऐकून त्या म्हणाल्या, "बराबर हाये. पर बाई, हे सासूला तुम्हीच सांगा. मी सांगितलेलं तिनं कधी ऐकलंच न्हाई."

मजकूर मी सांगितला तसाच आहे. केदारखेड्याची गाडी सव्वाबाराला आहे. तिने आम्ही दोघी जात आहोत.

सही: विमल दीनानाथ पाठक