दोन डोक्यांचं वासरू

जनावरांच्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर सोनिया मांडीवर मांजर घेऊन बसली होती. शेजारी करमाडचे एक मामा गाईचं औषध न्यायला आले होते, सोबत जनावरांची डॉक्टरकी शिकणारी भाची होती. सोनिया मांजराला थोपटत दोघांचं बोलणं ऐकत राहिली.

"मेघा, दोन डोक्यांचं वासरू झालं अन् लगेच गेलं. तवापासून तुझी मामी म्हणती, कपिली अपशकुनी हाय, बाजारात न्या."

"मामा, त्याला डायसेफॅली म्हणतेत."

"कशाला?"

"दोन डोकी असण्याला. ग्रीक भाषेतून आलाय शब्द. 'दि' म्हणजे दोन, 'केफाली' म्हणजे डोकं."

"हे ग्रीक कुठले?"

"लई लांबचे, समुद्रापल्याडचे. भाषा हजारो वर्षांची जुनी."

"गायी व्हत्या का त्यांच्याकडं?"

"व्हत्या की."

"मंग तिथं बी कुणाच्या तरी गोठ्यात झालं असंल असं. उगं कोण नाव ठेवतंय?"

"व्हय, मामा."

"त्यांनी विकली असंल का ती गाय?"

"ते काय मला ठाव नाय."

"नसंल विकली. मामीला फोन लाव."

फोन लागला.

"ऐकती का? कपिलीला कुठं न्यायचं नाय. ते ग्रीकांच्यात बी झालंय... ग्रीक... नाय, आपल्या भावकीतले नायत. तू तिला वैरण टाक, मी औषध घेऊन आलोच."