गुरुवारचा हुरडा

वच्छलाबाई : खाली नका बसू भाऊजी, पॅन्टीला माती लागंल. थांबा, खुर्ची देते. गुरुवारी तुमच्या साहेबासाठी काढलेली अजून बाहेरच हाय.

सोमनाथ : असू द्या वहिनी. मी बसतो इथंच.

वच्छलाबाई : बसा मग. एकटेच आलात? निशाबाई, पोरगी?

सोमनाथ : घरी आहेत. थकल्यात जरा. आठवडाभर फिरणं झालं ना.

वच्छलाबाई : झालं तर. बघितलं की फोनवर सगळं. सोमवारी निशाबाईच्या बहिणीचं, रत्नमालाताईचं बिऱ्हाड नाशकाहून आलं, त्यांना घेऊन वेरूळ. मंगळवारी दौलताबाद नि मकबरा. बुधवारी सगळे इथं हुरड्याला. गुरुवारी तुमचं ऑफिस हुरड्याला. शुक्रवारी म्हैसमाळ. काल तुमच्या अपेक्षाच्या मैत्रिणी, परत हुरड्याला. इतकं हिंडल्यावर माणूस थकंलच. आम्ही आपले एकाच जागी होतो म्हणून बरं.

सोमनाथ : हात बघू तुमचे.

वच्छलाबाई : हातात काय बघायचं? आगटीतलं गरम कणीस चोळलं की तळवा लाल होतोच. चार दिवसांत तीनदा चोळलं की जरा जास्त होतो. अपेक्षाच्या मैत्रिणी म्हणायच्या, आंटी अजून द्या. मला जन्मात पहिल्यांदा कोणी आंटी म्हणलं. बरं वाटलं. नातं तरी लावलं पोरींनी.

सोमनाथ : वहिनी...

वच्छलाबाई : चहा टाकू?

सोमनाथ : दादा कुठंय?

वच्छलाबाई : हरभऱ्याला पाणी द्यायलेत. या आठवड्यात लाईट सकाळची हाय. येतील आता. काम होतं का काही?

सोमनाथ : काम नाही. गुरुवारचं बोलायचं होतं.

वच्छलाबाई : गुरुवारचं काय बोलायचं? गुरुवार झ्याक झाला. चौदा माणसं जेवली, कुणाचं पोट बिघडलं नाय.

सोमनाथ : टोमणे मारा, पण सरळ मारा.

वच्छलाबाई : सरळ मारू? बरं. खुर्चीत बसल्या बसल्या तुमच्या साहेबानं विचारलं, हे कोण? तुम्ही काय सांगितलं?

सोमनाथ : ...हे कडूबा. शेत बघतात.

वच्छलाबाई : मग?

सोमनाथ : तसं बघितलं तर मी खोटं नाही बोललो. शेत दादाच बघतो.

वच्छलाबाई : पुढं?

सोमनाथ : सर म्हणाले, किती वर्षं आहे हा माणूस?

वच्छलाबाई : तुम्ही काय म्हणालात?

सोमनाथ : लहानपणापासून आहे आमच्याकडे.

वच्छलाबाई : हे बी खोटं नाय. तुम्ही जन्मायच्या आधी सात वर्षं हायेत ते.

सोमनाथ : सर म्हणाले, असा इमानदार माणूस आजकाल मिळत नाही. नशीबवान आहात.

वच्छलाबाई : ते खरं बोलले. मला बी मिळाला नसता, वडलांनी बघून दिला.

सोमनाथ : वहिनी, तुम्हाला नाही कळायचं ते. ऑफिसात डबा खायला बसलं की एकाचं खुलताबादला फार्महाऊस असतं, दुसऱ्याचं पैठण रोडला प्लॉट असतो. वाकळे सर नवीन आलेत, सगळं ऐकून घेतात, लक्षात ठेवतात. मी एकदा म्हणालो, आमचंही फार्महाऊस आहे सिल्लोड रोडला. एकदा फार्महाऊस म्हटलं ना, की मग त्याला केअरटेकर लागतो. माणसं आपोआप भरली जातात.

वच्छलाबाई : आन् आमच्यात माणसं दोनच. मग त्यातलीच भरली. तुमच्या ऑफिसातल्या दोन बाया फार्महाऊस कुठंय म्हणून गोठ्यामागं जाऊन आल्या. मला विचारलं, वरचा मजला कुठंय? मी म्हणलं, बांधायला काढलाय.

सोमनाथ : तुम्ही पण?

वच्छलाबाई : मग काय करू? तुमचे दादा तोंडाकडं बघायले माझ्या. डोळ्यानं सांगायले, गप. आन् ते तुमच्यातले इलियासभाई, तेवढाच एक माणूस माझ्यासोबत ताटल्या धुवायला बसला. हळूच म्हणतो, "भाभी, इन दोनों की नाक एकीच है. भाई हैं क्या?"

सोमनाथ : काय म्हणालात?

वच्छलाबाई : म्हणलं, नाय. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. पहिल्यांदाच धन्याचा भाऊ नाकारला. तेही त्याच्याच हुरड्यात.

सोमनाथ : इलियासला कळलं असणार.

वच्छलाबाई : कळलंच. काही बोलला नाय, ताटल्या जोरात घासायला लागला. ते जाऊ द्या. शेत बघतात म्हणलात, ते मी गिळलं. लहानपणापासून म्हणलात, तेही गिळलं. पण तुम्ही आगटीपाशी बसून हाक काय मारली?

सोमनाथ : कधी?

वच्छलाबाई : "कडूबा, ऊस आण." या घरात त्यांना नुसत्या नावानं हाक मारणारं एकच माणूस होतं, तुमची आई. तिला जाऊन सहा वर्षं झाली. मी चुलीपाशी होते. मला वाटलं, कोण बोलावतंय यांना?

सोमनाथ : तोंडातून गेलं, वहिनी. दादा म्हणता येत नव्हतं, मग म्हणायचं काय?

वच्छलाबाई : काही म्हणायचं नाय. उठून ऊस आणायचा.

कडूबा : अरे, सोमा! कवा आलास? गाडी दिसली तवा म्हणलं हाच असणार. अगं, चहा टाकला का नाय?

वच्छलाबाई : विचारला. ते गुरुवारचं बोलायला आलेत.

कडूबा : गुरुवारचं बोलून काय करायचं? झाला गुरुवार.

सोमनाथ : दादा, मी माफी मागायला आलोय.

कडूबा : माफी कसली? तू काय बांध कोरलास का माझा?

सोमनाथ : दादा, आणखी एक आहे.

वच्छलाबाई : आलं. मी म्हणतच होते, एकटेच कशाला आलेत.

सोमनाथ : हर्सूल सोडलं तेव्हा खरंच फक्त माफी मागायची होती. शपथ. फुलंब्रीला सरांचा फोन आला. त्यांना गुरुवारी फार आवडलं. आज वहिनीसाहेबांना, म्हणजे त्यांच्या बायकोला घेऊन येतायत. साडेदहापर्यंत.

वच्छलाबाई : म्हणजे माफी बी मागायची, आन् आजचा दिवस तेच चालवून घ्या म्हणून बी सांगायचं. एकाच पेट्रोलात.

सोमनाथ : मी तसं म्हटलं नाही अजून.

वच्छलाबाई : अजून!

कडूबा : येऊ दे की. कणसं हायेत. वांगी बी हायेत. दोन माणसं म्हणजे काय लई नाय.

सोमनाथ : दादा, तू रागव तरी. गुरुवारी पण तू काही बोलला नाहीस. उलट मला साहेब म्हणायला लागलास. "साहेब, कणसं आणू का, साहेब, गूळ देऊ का." मला किती लाज वाटली असेल?

कडूबा : वाटली व्हय?

सोमनाथ : मग! मला कळलं होतं, तू माझी अब्रू सांभाळत होतास. घरी गेल्यावर झोप नाही आली.

कडूबा : अब्रू नाय सोमा. पहिल्या बारीला म्हणलं, ते बघावं म्हणून म्हणलं. वाटलं, साहेब म्हणल्यावर हा उठंल. म्हणंल, दादा, काय बोलायलास. तू म्हणलास, "हो, आणा." मग वाटलं, ऐकू आलं नसंल. वारं होतं. म्हणून पुन्हा म्हणलं.

सोमनाथ : दादा.

कडूबा : तिसऱ्या बारीला मग सवयीनंच निघालं. जाऊ दे. ऊठ, मातीत नको बसू, ओल हाय तिथं.

वच्छलाबाई : बसू द्या त्यांना. बसले तर पहिल्यांदाच बसलेत.

(फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजतो.)

कडूबा : आले वाटतं. लवकरच आले. जातो, फाटक काढतो.

सोमनाथ : थांब. तू थांब, मी जातो.

कडूबा : तुला त्याची कडी जमायची नाय. वरून उचलून ओढावी लागती.

सोमनाथ : जमेल. ...या सर. या वहिनी. रस्ता सापडला ना?

वाकळे सर : सापडला म्हणजे काय! डोळे मिटून आलो. ही म्हणत होती, परत कशाला त्रास त्यांना. म्हटलं, त्यांना कसला त्रास, सगळं तो माणूस करतो. हा बघ, हाच तो. काय कडूबा, ओळखलंस का?

कडूबा : व्हय साहेब, या.

सोमनाथ : सर, एक मिनिट. हे माझे भाऊ आहेत.

वाकळे सर : अगदी! मी हेच सांगत होतो हिला. इतकी वर्षं घरात राहिलेला माणूस भावासारखाच होतो. तुमचं हे फार आवडतं मला, सोमनाथ. माणसाला माणूस समजता.

सोमनाथ : भावासारखे नाहीत सर. सख्खे. माझ्याहून सात वर्षांनी मोठे. शेत आमचं दोघांचं आहे, राबतात ते आणि वहिनी. फार्महाऊस नाहीये. गुरुवारी मी तुम्हाला बनवलं.

वच्छलाबाई : सतरंजी टाकते मी.

वाकळे सर : अहो, मग... मी त्यांना निघताना गाडीच्या काचा पुसायला लावल्या हो.

सोमनाथ : ते मला माहीत नव्हतं. दादा, तू पुसल्यास?

कडूबा : लई नाय, समोरचीच. आमच्या रस्त्याला धूळच तेवढी हाय, साहेब. ताई, तुम्ही इकडं सावलीत बसा.